पाठविले, पोचले, समजले



ज्या शाळेत मी बाराखडी गिरविली, त्याच शाळेत आपल्या सरांच्या स्मरणार्थ होणाऱ्या व्याख्यानासाठी मला पाचारण करण्यात आले, याबद्दल मी संयोजकांचा मनःपूर्वक ऋणी आहे. मराठीच्या निवृत्त प्राध्यापकाने अशा प्रसंगी संतवाङ्मयावर किंवा नाट्यवाङ्मयावर बोलावे, अशी अपेक्षा असणे स्वाभाविक आहे. संयोजकांनीही तसे सुचविले होते. परंतु मी विषय निवडला आहे तो संगणकावरून मोबाइलवर पाठविल्या जाणाऱ्या छोट्या संदेशाचा, म्हणजे एसएमएसचा, आणि तो पाठविण्यासाठी संगणकवाले जिला ‘क्लायंट लायब्ररी’ म्हणतात त्या साधनाचा. हा माझा अभ्यासाचा विषय नव्हे. सरांच्या शोकसभेच्या वेळी माझ्या हातून जी एक चूक घडली, तिने मला या विषयाकडे नेले. त्या चुकीची कबुली सरांच्याच नावाने भरलेल्या सभेत द्यावी, असे मला वाटले.

आरंभ सरांच्या वर्गापासून करतो. आमच्या वेळी व्याकरणाच्या तासाला ‘तार लिहा’ असा एक प्रश्न असे. तारेला शब्दागणिक पैसे पडत, तेव्हा थोडक्या शब्दांत मजकूर बसविण्याची ती कसरत होती. सर मात्र तेवढ्यावर थांबत नसत. ते एका मुलाला वर्गाबाहेर व्हरांड्यात उभे करीत. आत दुसरा मुलगा फळ्यावर तार लिही. मग बाहेरच्याला आत बोलावून सर म्हणत, ‘ही तार तुला आली आहे. आता तू काय करशील ते सांग.’ त्याने सांगितलेले लिहिणाऱ्याच्या मनातल्याशी जुळले, तर पुरे गुण. न जुळले, तर गुण कापले जात ते लिहिणाऱ्याचे. वाचणाऱ्याला सर कधी बोल लावीत नसत. आम्हांला तेव्हा हा न्याय उलटा वाटे. साठ वर्षांनी तो मला पटला, आणि पटला तो फार महागात पडून.

दोन वर्षांपूर्वी सर गेले. माजी विद्यार्थी मंडळाकडे काहीशे जणांचे मोबाइल क्रमांक होते. त्यांतले पुष्कळजण माझ्या वयाचे, साधा फोन वापरणारे, म्हणजे ज्यांना व्हॉट्‌सॲपवर गाठता येत नाही असे. शोकसभेची वार्ता सर्वांना मराठीतून, एकाच वेळी जावी म्हणून एसएमएस पाठविण्याचे ठरले. मजकूर मी लिहिला. माझी नात संगणकाचे शिक्षण घेते. एका संदेशसेवेची लायब्ररी वापरून तिने तासाभरात लहानसा प्रोग्राम लिहिला आणि चालविला. पडद्यावर एकामागून एक ओळी उमटल्या. प्रत्येक क्रमांकापुढे ‘स्वीकृत’ अशा अर्थाचा इंग्रजी शब्द होता. मी विचारले, ‘झालं का गं?’ ती म्हणाली, ‘झालं, आजोबा.’ मी निश्चिंत झालो.

सभा चांगली भरली. भोपाळातल्या मंडळींना फोनवरून आणि एकमेकांच्या तोंडून वार्ता कळलीच होती, त्यामुळे कोणाला संशय येण्याचे कारण नव्हते. तेराव्यानंतर एके सकाळी इटारसीहून माझा एक वर्गमित्र दारात येऊन उभा राहिला. रेल्वेतून निवृत्त झालेला, साधा फोन बाळगणारा हा माणूस सरांच्या आजारपणात दर महिन्याला त्यांना भेटून जाई. तो आत येऊन बसलासुद्धा नाही. एवढेच म्हणाला, ‘अरे, सर गेले, आणि तू मला कळवलं नाहीस?’ मी म्हटले, ‘कळवलं होतं. यादीत तुझं नाव होतं.’ त्याने खिशातून फोन काढून माझ्या हातावर ठेवला. त्यात आमचा संदेश नव्हता. नंतर तपास केला तेव्हा उघड झाले की एकट्या त्यालाच नव्हे, यादीतल्या एकालाही तो संदेश पोचलेला नव्हता.

हे कसे घडले, ते समजून घेण्यासाठी मी नातीपुढे शिष्य होऊन बसलो. तिने सांगितले ते माझ्या भाषेत आपल्यापुढे मांडतो.

‘लायब्ररी’ म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे ग्रंथालय येते. संगणकाच्या व्यवहारात लायब्ररी म्हणजे दुसऱ्या कोणी आधीच लिहून ठेवलेल्या सूचनांचा संच. आपल्या प्रोग्रामने तो उसना घ्यावयाचा आणि वापरावयाचा. संदेश पाठविणारी कंपनी आपल्या यंत्रणेला एक खिडकी ठेवते. तिला ‘एपीआय’ म्हणतात. या खिडकीत ठरावीक नमुन्याचाच फॉर्म चालतो. कोणत्या रकान्यात काय भरावे, सही कुठे करावी, पावती कशी वाचावी, याचे नियम ठरलेले असतात. हा फॉर्म हाताने भरता येतो, पण ते किचकट काम आहे. क्लायंट लायब्ररी ते आपल्या वतीने करते. पूर्वी पोस्टाच्या बाहेर लेखनिक बसत. मनीऑर्डरचा फॉर्म तेच भरून देत, आपण फक्त नाव, पत्ता आणि रक्कम सांगायची. लायब्ररी ही त्यांच्यासारखीच. अशी सेवा देणाऱ्या कंपन्या जगभर आहेत. अमेरिकेतील ट्विलिओ २००८ साली निघाली, आणि आपल्या शेजारच्या इंदुरातून एमएसजी९१ ही सेवा चालते. बहुतेक सेवा पायथॉन, जावा, पीएचपी अशा निरनिराळ्या संगणकभाषांसाठी निरनिराळ्या लायब्रऱ्या पुरवितात.

लायब्ररीला चार गोष्टी सांगाव्या लागतात. पहिली, आपली गुप्त किल्ली. खिडकीपलीकडच्याला आपण कोण हे तिच्यावरून कळते, आणि जिच्या हाती ती पडेल तो आपल्या नावाने व आपल्या पैशाने संदेश पाठवू शकतो. म्हणून ती प्रोग्रामच्या मजकुरात लिहून ठेवायची नसते, वेगळी जपायची असते. दुसरी, पाठविणाऱ्याचे नोंदलेले नाव. तिसरी, घेणाऱ्याचा क्रमांक, तोही देशाच्या संकेतांकासह, म्हणजे आपल्याकडे अधिक चिन्ह, एक्क्याण्णव आणि पुढे दहा आकडे. चौथी, मजकूर. एवढे दिले की लायब्ररी फॉर्म भरते, खिडकीत सरकविते आणि उत्तरादाखल एक पावती आणून देते. त्या पावतीवर संदेशाचा ओळखक्रमांक असतो आणि त्याची त्या क्षणाची स्थिती असते.

आमची पहिली चूक येथे झाली. ‘स्वीकृत’ याचा अर्थ खिडकीने फॉर्म घेतला, इतकाच. तारघरातला कारकून शब्द मोजून, पैसे घेऊन पावती देई. ती पावती हातात आली म्हणून नागपूरला तार पोचली असे कोणी समजत नसे. एसएमएसचेही तसेच आहे. सेवेकडून संदेश दूरसंचार कंपनीच्या केंद्रात जातो. फोन बंद असला तर तेथे काही काळ थांबून राहतो, आणि मग पोचतो किंवा मुदत संपून रद्द होतो. पुढे काय झाले याचा अहवाल मागाहून, स्वतंत्रपणे येतो. तो कोणत्या पत्त्यावर यावा हे आपण आधी सांगून ठेवावे लागते, आणि आल्यावर वाचावा लागतो. आम्ही पत्ता दिला नव्हता. प्रत्येक संदेशाला अहवाल तयार झाला होता, पण तो घेणारा कोणी नव्हता.

याच्या उलट चूकही होऊ शकते. कधी कधी खिडकीकडून पावती येण्याआधीच वाटेत संपर्क तुटतो. फॉर्म पोचला की नाही, हे कळत नाही. अधीर प्रोग्राम तोच फॉर्म पुन्हा देतो, आणि एकाच घरी निधनाची वार्ता दोनदा जाते. म्हणून शहाणा माणूस प्रत्येक संदेशाला आपला स्वतःचा क्रमांक देतो आणि पुन्हा पाठविण्यापूर्वी तो आधी गेला आहे काय, हे तपासतो.

आता भाषेकडे येतो, कारण आमची खरी फसगत भाषेच्या पोटात दडली होती.

एका एसएमएसमध्ये १४० बाइट मावतात. रोमन लिपीतल्या मजकुराला एका अक्षरास सात बिट पुरतात, म्हणून इंग्रजीत १६० अक्षरे बसतात. या व्यवस्थेची घडण युरोपात १९८० नंतरच्या दशकात झाली. जर्मन अभियंते फ्रीडहेल्म हिलेब्रांड यांनी १९८५ साली टंकलेखन यंत्रावर साधी वाक्ये टाइप करून पाहिली आणि १६० अक्षरे पुरेशी आहेत असा निर्वाळा दिला, ही हकिकत प्रसिद्ध आहे. अर्थात ती वाक्ये देवनागरीत नव्हती. देवनागरी मजकूर पाठवायचा झाल्यास प्रत्येक चिन्हाला सोळा बिट लागतात, आणि १६० च्या जागी ७० चिन्हे उरतात. मजकूर लांबला आणि त्याचे तुकडे करावे लागले, तर तुकडे जोडण्याच्या खुणेलाही जागा लागते, म्हणून प्रत्येक तुकड्यात ६७ च मावतात. हे चिन्हांचे झाले, अक्षरांचे नव्हे. ‘श्रद्धांजली’ हा शब्द आपण चार अक्षरांचा मानतो. संगणक मात्र श, हलन्त, र, द, हलन्त, ध, काना, अनुस्वार, ज, ल आणि वेलांटी अशी अकरा चिन्हे मोजतो. सत्तरांतली अकरा एका शब्दातच गेली! पैसे तुकड्यांच्या हिशेबाने पडतात. तेव्हा इंग्रजीत एका संदेशात मावणारी गोष्ट मराठीत सांगायला दोन-तीन संदेशांचे मोल मोजावे लागते. पुष्कळ संस्था मराठी लोकांनाही इंग्रजीतून कळवितात, त्याचे एक कारण हा हिशेब आहे.

दुसरी गोष्ट याहून सूक्ष्म आहे. सर ज्या दोन शब्दांवर अख्खा तास घेत, ते शब्द म्हणजे ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’. एक समुद्र, दुसऱ्या डोंगरातल्या. तसेच ‘आचार्यास’ आणि ‘आचाऱ्यास’. रफार चुकला तर गुरूला द्यायची दक्षिणा स्वयंपाक्याला मिळेल, असे ते हसत सांगत. या ‘ऱ्य’मधला आडवा, वळणदार र हे मराठीचे खास लेणे आहे. हिंदीला त्याची गरज पडत नाही.

भारतीय लिप्या संगणकावर आणण्याचे मोठे काम आयआयटी कानपूर येथे सुरू झाले आणि पुण्याच्या सी-डॅक या संस्थेत पुढे गेले. मोहन तांबे यांचे नाव या कामाशी कायमचे जोडलेले आहे. त्या कामातून ‘इस्की’ ही सांकेतिक प्रणाली आली आणि १९९१ साली ती भारतीय मानक झाली. युनिकोड या जागतिक प्रणालीतील देवनागरीची मांडणीही इस्कीच्याच आधाराने झाली. आता गंमत पाहा. हा ‘ऱ्य’ युनिकोडमध्ये दोन रीतींनी लिहिता येतो. एका रीतीत खाली टिंब असलेला निराळा ऱ घेऊन त्याला हलन्त जोडतात. ही इस्कीशी जुळणारी रीत. दुसऱ्या रीतीत साधा र, हलन्त आणि त्यापुढे डोळ्यांना न दिसणारे एक जोडचिन्ह घालतात. ही युनिकोडच्या जुन्या आवृत्तीशी मेळ राहावा म्हणून ठेवलेली. मानकाला दोन्ही मान्य आहेत आणि पडद्यावर दोन्ही तंतोतंत सारख्या दिसतात. कोणता कळफलक वापरला, यावर आत कोणती रीत जाते ते ठरते.

आपल्या देशात नको असलेल्या संदेशांना आळा बसावा म्हणून दूरसंचार नियामक प्राधिकरणाने २०१८ साली नियमावली केली. तिच्यामुळे संस्थेला आपले नाव आणि संदेशाचा नमुना दूरसंचार कंपन्यांकडे आधी नोंदवावा लागतो. नमुन्यात बदलत्या मजकुरासाठी जागा मोकळ्या सोडता येतात, बाकीचा मजकूर मात्र नोंदीशी जुळावा लागतो. जुन्या पिढीला हे नवे वाटू नये. तारखात्याकडेही सणावारांच्या आणि लग्नकार्याच्या शुभेच्छांचे ठरावीक मजकूर असत, आणि त्यांचा नुसता क्रमांक सांगितला की काम भागे. आमच्या मंडळाने शोकसभेचा नमुना पूर्वीच नोंदविला होता. त्यात ‘येणाऱ्यांनी’ असा एक शब्द होता. नोंदणी एका संगणकावर टाइप करून झाली होती, आणि सर गेले तेव्हा तोच मजकूर मी दुसऱ्या यंत्रावर नव्याने टाइप करून नातीला दिला. दोन्ही कागद शेजारी ठेवले तर मराठीचा कोणताही प्राध्यापक ते एकच आहेत असे सांगेल. मीही सांगितलेच असते. यंत्राला मात्र ‘येणाऱ्यांनी’ या शब्दात दोन वेगळे मजकूर दिसले. लायब्ररीने फॉर्म बिनचूक भरला, खिडकीने तो स्वीकारला, पुढच्या तपासणीत नमुना जुळला नाही आणि सगळे संदेश तेथेच अडले.

यात मी कोणालाही दोष देत नाही. नियम योग्य कारणासाठी आहे. लायब्ररीने सांगितलेले काम केले. नात तर विद्यार्थिनी. ‘ऱ्य’ या अक्षरावर आयुष्यभर गुण कापणारा माणूस मी. ते अक्षर संगणकाच्या पोटात कसे साठविले जाते, हे जाणून घेण्याची मला कधी आवश्यकता वाटली नव्हती. भाषेचा अभ्यासक म्हणविणाऱ्याने ती जबाबदारी तंत्रज्ञावर टाकली होती, आणि तंत्रज्ञाने लायब्ररीवर. सरांच्या नियमाने गुण कापायचे झाले, तर ते लिहिणाऱ्याचे, म्हणजे माझे.

मित्रहो, शोकसभेची वार्ता चुकणे ही एका मित्राच्या मनाला लागलेली जखम आहे. पण आपण भोपाळात राहतो. संदेश न पोचणे आणि पोचून न कळणे यांची याहून केवढी किंमत असते, हे या शहराला सांगावे लागू नये.

२ डिसेंबर १९८४ च्या मध्यरात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून सुमारे चाळीस टन मिथाइल आयसोसायनेट सुटला. कारखान्याला भोंगा होता. तो वाजला, थोड्या वेळात बंद झाला, आणि पुढे पुन्हा वाजला. भोंगा वाजणे वस्तीला नवीन नव्हते. आज तो काय सांगतो आहे, कोणत्या दिशेने जावे, काय करावे, हे कोणाला कळले नाही. तोंडावर ओले फडके धरा, एवढी साधी सूचनाही उपयोगी पडली असती. ती देणारे कोणी नव्हते. भोंगा पाठविला गेला, कानांवर पोचलाही, समजला मात्र नाही.

त्याच रात्री भोपाळ स्थानकावर उपस्थानक अधीक्षक गुलाम दस्तगीर कामावर होते. फलाटावर गोरखपूरची गाडी उभी होती. वरून हुकूम येण्याची वाट न पाहता त्यांनी ती वेळेआधी सोडविली आणि विदिशा, इटारसी या स्थानकांना कळविले की भोपाळकडे गाड्या सोडू नका. थोडे शब्द, नेमका घेणारा, आणि ऐकणाऱ्याने काय करायचे ते स्पष्ट. सरांच्या वर्गात या संदेशाला पुरे गुण मिळाले असते. दस्तगीरांच्या प्रकृतीवर त्या रात्रीचा कायमचा परिणाम झाला. २००३ साली ते निवर्तले.

ज्या विदिशेला तो निरोप गेला तिचे जुने नाव भेलसा. इतिहासाच्या विद्यार्थ्यांना हे गाव आणखी एका संदेशासाठी आठवेल. १७६१ च्या जानेवारीत नानासाहेब पेशवे उत्तरेकडे निघाले असता भेलशाच्या मुक्कामी सावकारी पत्र घेऊन जाणारा जासूद त्यांना भेटला आणि पानिपतची वार्ता कळली, असे सांगतात. त्या पत्रात माणसांची नावे नव्हती. मोती, मोहरा आणि नाणी यांच्या भाषेत हानी सांगितली होती. पत्र पेशव्यांसाठी लिहिलेले नव्हते, पण संकेत दोघांच्याही ओळखीचे होते, म्हणून ते वाचताक्षणी उमगले. पाठविणारा आणि घेणारा यांचे संकेत एक असावे लागतात, हा नियम सावकाराच्या पत्रापासून युनिकोडपर्यंत बदललेला नाही.

वायुकांडाची आठवण निघाली म्हणून माझी एक खासगी गोष्ट सांगतो. त्या वेळी मी तात्या टोपे नगरात राहत होतो. वारा आमच्याकडे नव्हता, आम्ही वाचलो. दिवस उजाडल्यावर नागपूरला आईला कळविण्यासाठी मी तारघरासमोर रांगेत उभा राहिलो. पुढच्या आणि मागच्या सगळ्यांच्या फॉर्मवर बहुतेक एकच शब्द होता, ‘सुखरूप’ किंवा त्याच अर्थाचा. कित्येकांजवळ तो शब्दही उरला नव्हता. माझी तार घरी पोचली तेव्हा आई भोपाळला यायला निघून गेली होती. ती येऊन दारात मला पाहीपर्यंत तिच्या लेखी मी सुखरूप नव्हतो. माझ्याजवळ मात्र तार दिल्याची पावती होती.

त्या रात्रीनंतर बरोबर आठ वर्षांनी, ३ डिसेंबर १९९२ रोजी, इंग्लंडमध्ये नील पॅपवर्थ नावाच्या तरुण अभियंत्याने जगातला पहिला एसएमएस पाठविला. मजकूर नाताळच्या शुभेच्छांचा होता. तेव्हाच्या मोबाइलवर तो टाइप करण्याची सोय नव्हती, म्हणून त्याने तो संगणकावरून पाठविला. म्हणजे संगणकाने माणसाला संदेश धाडण्याची रीत एसएमएसच्या जन्माइतकीच जुनी आहे. तारखांचा हा योग निव्वळ योगायोग आहे, त्यातून मी कोणताही अर्थ काढीत नाही. परंतु ३ डिसेंबरला या शहरात मेणबत्त्या लावताना मला आता दोन्ही गोष्टी आठवतात.

२०१३ च्या जुलैत आपल्या देशातली तारसेवा बंद झाली. आज बँकेचा व्यवहार, रुग्णालयाची वेळ, परीक्षेचा निकाल, धरणातून पाणी सोडल्याची सूचना, हे सारे प्रोग्रामने पाठविलेल्या संदेशांतून येते. आपत्तीच्या वेळी एखाद्या भागातील सर्व मोबाइलवर एकदम इशारा देण्याची वेगळी व्यवस्थाही आहे. तिला सेल ब्रॉडकास्ट म्हणतात. तिच्यात क्रमांकांची यादी लागत नाही, मनोऱ्याच्या टापूत जो असेल त्याला इशारा मिळतो. २०२३ साली देशभर तिच्या चाचण्या झाल्या, तेव्हा आपल्यापैकी अनेकांचे फोन एकाएकी मोठ्याने वाजले असतील. १९८४ च्या रात्री असे काही असते तर, हा विचार ज्याच्या मनात आला नाही असा भोपाळी माणूस नसेल. परंतु भोंगाही मोठ्यानेच वाजला होता. फोनचे वाजणे माणसाला जागे करील. पुढे त्याने काय करायचे, हे त्याच्या भाषेतले, त्याला कळणारे एक वाक्य सांगेल, आणि ते वाक्य कोणीतरी शांतपणे, आधी बसून लिहून ठेवलेले असावे लागेल.

आमच्या मंडळाने त्या चुकीनंतर काही बदल केले. मजकूर आता एकाच ठिकाणी ठेवला आहे, आणि नोंदणी व संदेश दोन्ही त्यातूनच उचलले जातात. पोचल्याचे अहवाल आमच्या प्रोग्रामकडे येतात, आणि ज्यांच्यापुढे ‘पोचले’ असे उमटत नाही त्यांची यादी त्याच संध्याकाळी निघते. ती यादी घेऊन आम्ही दोघे-तिघे निवृत्त लोक फोन करीत बसतो. शिवाय प्रत्येक नवा संदेश सर्वांना धाडण्यापूर्वी एका जुन्या फोनवर जातो. तो फोन इटारसीला आहे. माझा मित्र संदेश वाचतो आणि मला उलट फोन करून विचारतो, ‘म्हणजे मी काय करायचं, सांग.’ कधी कधी तो मुद्दाम चुकीचा अर्थ लावतो, आणि मग मला मजकूर पुन्हा लिहावा लागतो. शाळेत सर ज्याला व्हरांड्यात उभे करीत तो मुलगा बहुतेक वेळा हाच असे. आजच्या व्याख्यानाचे निमंत्रणही त्याच्या तपासणीतून गेले आहे. तो आज समोर बसला आहे.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यापैकी पुष्कळजण संगणकाच्या क्षेत्रात जातील. लायब्ररी अवश्य वापरा. दुसऱ्याने निगुतीने केलेले काम उसने घेण्यात कमीपणा नाही. विद्येची सारी परंपरा तशीच चालत आली आहे. पण लायब्ररीने तुमचे श्रम उचलले म्हणून तुमची जबाबदारी उचलली, असे समजू नका. पावती मिळाली की उठून जाऊ नका. पोचल्याचा अहवाल वाचा. आणि जे मराठीत किंवा हिंदीत लिहाल, ते इंग्रजीइतक्याच काटेकोरपणे तपासा. माझ्यासारख्या भाषेच्या लोकांनाही विनंती आहे. आपले अक्षर यंत्राच्या पोटात कसे राहते, हे शिकून घेण्याची लाज वाटू देऊ नका. मी ते सत्तरी उलटल्यावर नातीकडून शिकलो.

सरांच्या फळ्यावर आम्ही लिहिलेल्या तारा कधीच कुठे गेल्या नाहीत. तास संपला की सर त्या स्वतः पुसून टाकीत, पण त्याआधी वर्गाबाहेरून आलेल्या मुलाला ते एकदा शेवटचे विचारीत, ‘समजलं ना?’ तो ‘हो’ म्हणाल्यावरच फडके उचलीत.